मधल्या टेकडीचं उत्तर

मार्गशीर्ष लागला की बुलढाण्यातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांना चेव येतो. कानटोप्या घालून, तोंडातून वाफा सोडत, ‘काय सुंदर धुकं पडलंय’ असं एकमेकांना सांगत ही मंडळी माझ्या फाटकावरून जातात. जाऊ देत बापडी. मी मात्र तेवढे दिवस खिडक्या लावून घेते. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, दम्याचा त्रास आहे का? मी हो म्हणून टाकलं. म्हाताऱ्या बाईला दमा असणं लोकांना चटकन पटतं. धुक्याची भीती वाटते म्हटलं असतं तर चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला असता.

आमच्याकडे धुक्याला धुई म्हणतात. धुकं हा शब्द पुस्तकातला, कवितेत बरा दिसतो. धुई शेतातली. ती तुरीच्या फुलावर बसली की फूल गळतं, आणि चार दिवस मुक्काम ठोकून राहिली की तुरीच्या नुसत्या काड्या उरतात. म्हणून धुई पडली की घरातली मोठी माणसं हळू बोलायची. लहानपणी मला वाटायचं, धुईला ऐकू येतं. आता माझी ऐंशी उलटायला आली, शाळेत मुलांना व्याकरण शिकवण्यात हयात गेली, तरी धुईच्या सकाळी माझा आवाज आपोआप खाली येतो.

यंदा ती आली तेव्हा मुक्ता घरी होती. मुक्ता म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, कमलअक्काची नात. बंगळुरात असते आणि आकाशातले उपग्रह एकमेकांशी लेसरच्या उजेडानं कसे बोलतील, ते बोलणं तुटू नये म्हणून काय करावं, याचा अभ्यास करते. सुट्टीला आली होती. सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेली आणि मलाही ओढून नेलं. समोरचं कडुनिंबाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

‘‘हे बघ आजी, हाच आमचा शत्रू,’’ ती म्हणाली. ‘‘वर अवकाशात काही अडचण नसते. हवाच नाही, उजेड सरळ जातो. पण दोन उपग्रहांच्या मधे पृथ्वीची कड आली, किंवा उजेड खाली जमिनीवर आणायचा झाला, की हवा आडवी येते. धूळ, ढग, हे असलं धुकं. किरण विस्कटतो आणि निरोप तुटतो.’’

‘‘मग काय करता?’’

‘‘मधे एक ठाणं ठेवायचं. ढगांच्याही वर. मोठा फुगा, नाहीतर उन्हावर चालणारं, महिनोन्महिने खाली न उतरणारं विमान. एका उपग्रहानं त्याला सांगायचं, त्यानं पुढच्याला.’’

‘‘म्हणजे टेकडीवर माणूस बसवायचा.’’

ती हसली. ‘‘तसंच. फक्त माणूस नाही.’’

मग उत्साहात तिनं पुढचं सांगितलं. पूर्वी शेवटच्याचं उत्तर येईपर्यंत पहिल्याला ताटकळावं लागायचं. आता त्यांनी अशी सुधारणा केली आहे, की निरोप हाती पडला की मधलं ठाणंच पहिल्याला ‘पोचलं’ असं कळवून मोकळं होतं. निरोप त्याच्यापाशी जपलेला असतो, पुढची वाट मोकळी झाली की तो पुढे धाडतं.

मी विचारलं, ‘‘आणि पुढची वाट मोकळी झालीच नाही तर?’’

‘‘होतेच गं. आज ना उद्या.’’

ती आंघोळीला निघून गेली. ‘आज ना उद्या’ हे शब्द मात्र माझ्यापाशी राहिले. मी गच्चीवरच उभी राहिले आणि मला त्या पांढऱ्यात कपाशीच्या जळक्या पऱ्हाट्यांचा वास येऊ लागला. कुठंही काही जळत नव्हतं, हे मला माहीत होतं.

आमचं गाव घाटावरचंच, पण कडेपासून आत, बशीसारख्या खोलगट जागेत. उत्तरेला निशाणाची टेकडी. जुन्या काळी मोजणीवाल्या साहेबांनी तिच्यावर दगडांचा ढीग रचून ठेवला होता म्हणून निशाणाची. त्या ढिगापाशी उभं राहिलं की मागं आमच्या घराचं धाबं, म्हणजे मातीची सपाट गच्ची, दिसायचं आणि पुढं घाट संपून खाली पूर्णेकाठचा सगळा सपाट मुलूख. हवा स्वच्छ असली तर पार नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनाची पाण्याची टाकीही दिसायची. गावातून नांदुरा दिसत नव्हतं आणि नांदुऱ्यातून गाव दिसत नव्हतं. दोघांना दिसायची ती फक्त टेकडी.

महाराष्ट्र नुकता झाला होता. राजधानी त्याआधीच नागपूरहून उठून मुंबईला गेली होती, शाळेतल्या नकाशाचे रंग बदलले होते. आमच्या गावात मात्र सकाळची एकच एसटी फाट्यावर यायची, ती घाट उतरून नांदुऱ्याला जायची, आणि ती चुकली की दिवस बुडाला. तार यायची ती पायी. तार घेऊन माणूस पोचेपर्यंत तारेतला आजारी एकतर बरा झालेला असायचा, नाहीतर गेलेला.

कमलअक्का नांदुऱ्याला दिलेली. तिचे यजमान, आमचे भाऊजी, तिथल्या जिनात कामाला होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिच्या अंगावर सूज आली आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिला घाट चढवायचा नाही, दवाखान्याजवळच ठेवा. मग मायनं तिकडं जाऊन राहावं की नाही? आज कुणीही हेच म्हणेल. पण लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. न जेवता किती दिवस राहणार? आणि व्याह्यांच्या दारात आधीच जाऊन बसली तर लोक हसणार. तेव्हा ठरलं असं, की कळा सुरू झाल्या की निरोप यावा आणि मायनं त्याच सकाळच्या एसटीनं निघावं. लेकीच्या उशाशी बसायचं, मूल झालं की मग तिथलं पाणी प्यायचं.

पण निरोप येणार कसा? इथं आमचे मोठे बाबा पुढं सरसावले.

मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. फौजेत सिग्नलवर होते. एक पाय अधू करून घेऊन परत आले होते आणि आपण नसतो तर इंग्रज लढाई हरला असता असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. भांडखोर, बढाईखोर आणि पुतण्यांवर जीव टाकणारे. त्यांनी न्हाव्याकडून जुने आरसे आणले, लाकडाच्या तिकाटण्यांवर बसवले आणि भाऊजींना बोलावून घेऊन शिकवलं. ऊन आरशात घ्यायचं, कवडसा समोरच्यावर धरायचा, हातानं झाकायचा आणि सोडायचा. सूर्य पाठीशी असला तर एका आरशाचं काम नाही, पहिल्यातलं ऊन दुसऱ्यात घ्यावं लागतं. एक लांब चमक म्हणजे खुशाली. तीन तुटक चमका म्हणजे निघा. नांदुऱ्याच्या टाकीवर भाऊजी, टेकडीवर मोठे बाबा, आणि आमच्या धाब्यावर मी.

गावाला करमणूक झाली. मारुतीच्या पारावर लोक म्हणायचे, ‘‘पोरी आरशात पाह्यतात ते समजते, हे म्हातारं काय पाह्यते बे?’’

मोठे बाबा उलट गरजायचे. ‘‘उजेडाले तिकीट लागत नाई न बैल लागत नाई. तुमचं टपाल उठून चप्पल घालन तोवर माही चमक जाऊन वापस येते.’’

आणि मला त्यांनी दटावून सांगितलं होतं, ‘‘विमे, एक गोष्ट ध्यानात ठेव. खालून निघा आलं, मी तुले देईन. तू उलट चमक देशीन. ते दिसली की मंग मी नांदुऱ्याले उत्तर देईन. तुह्याआधी नाई. मधल्यानं आपल्या मनचं काई बोलायचं नाई.’’

ते सुरुवातीचे दिवस किती छान होते! मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली. सकाळी चुलीवर भाकरी पडल्या की आरसे घेऊन धाब्यावर चढायची. खाली माय दळणाचं निवडत असायची, पण तिचा कान वर. टेकडीच्या माथ्यावर काहीतरी लख्खकन उघडायचं आणि डोळ्यांत थेट घुसायचं, लांब, स्थिर. ‘‘खुशाली!’’ मी ओरडायची. माय पुन्हा निवडायला लागायची. नांदुऱ्याच्या टाकीवरचं ऊन टेकडीवर पडून आमच्या अंगणात आलं याचं मला एवढं अप्रूप होतं, की अक्काच हात हलवते आहे असं वाटायचं.

मायचं गाठोडं कोनाड्यात बांधून तयार होतं. जुन्या लुगड्यांची दुपटी, डिंकाचे लाडू, बाळाला धुरी द्यायला ओवा. रोज संध्याकाळी ती ते सोडायची, सगळं पुन्हा घडी घालायची आणि पुन्हा बांधायची. त्या गाठीकडं बघायला मला आवडायचं नाही.

मग धुई आली.

पहिल्या दिवशी थोडी. दुसऱ्या दिवशी गोठ्यातली गाय दिसेना, फक्त तिच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. कापूस झाडावरच ओला झाला. कावळे ओरडेनात, पारावर बसून राहिले. एसटीची वेळ व्हायच्या जरा आधी धुई विरळ व्हायची, टेकडी कशीबशी डोकं वर काढायची आणि खुशाली यायची, पण रोज थोडी उशिरा. मी वर डोळे ताणून उभी असायची. एकदा मायनं खालून विचारलं, ‘‘काय वं, दिसलं काय?’’ आणि तिच्या आवाजात असं काही होतं, की मी दिसायच्या आधीच ‘‘दिसन आता’’ म्हटलं.

तूर ऐन फुलावर होती. बाबा रोज शेतातून मूठभर गळालेली फुलं घेऊन यायचे आणि ओट्यावर ठेवून त्यांच्याकडं बघत बसायचे. धुईवर आमच्याकडे एकच उपाय, धूर द्यायचा. पहाटे शेताच्या वाऱ्याकडच्या बांधावर ओल्या पऱ्हाट्या, कुटाराचा भुसा, शेण असं पेटवायचं. जाळ नको, नुसता धूर. तो पिकावरून सरकत गेला की फुलावरची धुई उठते. एकट्यादुकट्यानं करून भागत नाही, सगळ्या शिवारानं मिळून करावं लागतं. पारावर बैठक झाली आणि उद्या पहाटे सगळ्यांनी धूर द्यायचा ठरलं.

मोठे बाबा तिथंच भडकले. ‘‘काऊन रे, उद्याच काऊन? पोरीचे दिवस भरत आले. धुरातून उजेड जाते काय?’’

बाबा म्हणाले, ‘‘दादा, धूर पहाटचा. तुमचा आरसा ऊन निघाल्यावर. तोवर विरून जाते सारा. दरवर्षी विरते का नाई?’’

दरवर्षी विरायचा हे खरं होतं. बाबांचं काही चुकलं नाही असं मी आजही म्हणते. माणूस मागच्या वर्षाच्या अनुभवावरच पुढच्या वर्षी चालतो, आणखी कशावर चालणार?

त्या पहाटे वारा पडला होता. शिवारभर ढिगारे धुमसले आणि धूर वर चढायचं विसरला. कंबरेएवढा उठायचा आणि आडवा व्हायचा. थंडीनं त्याला दाबून धरलं होतं. सगळ्या शेतांचा धूर उतारानं घरंगळत आमच्या खोलगट गावात येऊन साचला, धुईत मिसळला आणि पांढऱ्याचा पिवळट झाला. मी धाब्यावर गेले तर मला माझे पाय नीट दिसेनात. डोळ्यांतून पाणी, घशात कडू. सूर्य उगवला असणार, पण कुठं ते कळत नव्हतं. मी आरसे टेकडीच्या अंदाजानं धरून उभी राहिले. ऊनच नव्हतं तर आरसा काय करणार?

‘‘काय वं, दिसलं काय?’’ मायनं विचारलं.

‘‘धूर हाय, माय.’’

‘‘पाह्य बरं नीट.’’

मी पाहत होते. देवाशपथ, पापणी न लवू देता पाहत होते. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, थोडा वेळ इंजिन घरघरलं आणि आवाज घाटाकडं गेला. माय दारात उभी होती, गाठोड्यावर हात ठेवून. बोलावणं नसताना निघावं की निघू नये? ती निघाली नाही. रीत मोडून, बोलावण्याशिवाय, नुसतं मनात आलं म्हणून गेली असती तर पोचली असती. मला त्या रितीचा आजही संताप येतो.

ऊन चांगलं वर आल्यावर धूर फाटला आणि त्यातून मोठे बाबा आले. अधू पाय ओढत, धोतर फाटलेलं, गुडघे रक्तानं माखलेले. टेकडीवर हवा स्वच्छ होती. खाली नांदुऱ्याकडंही उघडलं होतं. सकाळीच टाकीवरून तीन तुटक चमका आल्या होत्या, आणि ते वळून गावाला चमकवत राहिले होते. पण टेकडीखाली गाव नव्हतंच. धुराचं एक तळं होतं.

‘‘निघा,’’ एवढंच ते मायला म्हणाले आणि ओट्यावर बसले.

बाबांनी बैलगाडी जुंपली, फाट्यावर सरकीचा एक ट्रक मिळाला. घाट उतरताना मायनं गाठोडं मांडीवर धरून ठेवलं होतं. नांदुऱ्यात शिरलो तेव्हा दिवे लागत होते आणि भाऊजींच्या घरापुढं बायका उभ्या होत्या. उभ्या राहण्याच्या त्या पद्धतीवरूनच मला समजलं. अक्का दुपारी गेली होती. मुलगी जगली होती, एका शेजारणीच्या मांडीवर झोपली होती. तीच आमची उषा, मुक्ताची आई. तिला नंतर मीच वाढवलं.

अंत्यविधीनंतर शेजारणीनं पिठलंभाकरीचा कडू घास आणला. लेकीला मूल झालं होतं, तेव्हा तिच्या घरी जेवायला आता मायला मोकळीक होती. तिनं तो घास हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग खाल्ला.

भाऊजी तेव्हा मायशी बोलले. त्यांना वाटलं, आपण दिलासा देतोय. ‘‘मामीजी, शेवटपर्यंत तिले हिंमत होती. मी टाकीवरून चमक देल्ली, न दोन-तीनदा देल्ल्यावर टेकडीवरून उत्तर आलं. मी पळतच दवाखान्यात गेलो, म्हटलं, कमल, माय निघाली. हसली ते. मंग सारखी दाराकडंच पाहे. डॉक्टरीणबाई म्हने इकडं पाह्य, जोर कर, माहा हात धर. नाई म्हने, माय येऊन राह्यली, तिचाच हात धरतो. तशीच गेली, दाराकडं पाहत.’’

मी मोठ्या बाबांकडं पाहिलं. ते ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आमच्यासोबत आले होते. त्यांची मान खाली होती.

‘‘उत्तर?’’ बाबांनी विचारलं. ‘‘दादा, गावातून त चमक गेलीच नाई.’’

‘‘नाई गेली,’’ मोठे बाबा म्हणाले. ‘‘म्या देल्लं. पोरगी तिकडून पुसून राह्यली होती रे. घडीघडी पुसून राह्यली होती. मले वाटलं, आता खाली उतरतो न सांगतो, तेवढ्यात काय होते? गप कसा बसू मी?’’

त्या वर्षी आमची तूर उदंड झाली. धूर चांगला लागला होता. पोती ओट्यावर येऊन पडली, पण घरात कुणी त्या तुरीचं वरण लावलं नाही. मोठ्या बाबांनी आरसे न्हाव्याला परत करून टाकले आणि त्यानंतर फौजेची एकही गोष्ट सांगितली नाही. गावही त्यांना हसेनासं झालं, हे तर त्याहून वाईट.

हे सगळं मी त्या दिवशी मुक्ताला सांगितलं. आपली सख्खी आजी बाळंतपणात गेली एवढंच तिला ठाऊक होतं. ओले केस तसेच ठेवून ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘‘पण आजी, त्यांनी उत्तर दिलं नसतं तर ती घाबरून गेली असती ना? निदान तिला वाटलं तरी, की आई येते आहे.’’

मीही बरीच वर्षं स्वतःला तेच समजावलं होतं. एकदा, मोठे बाबा वारल्यावर, त्यांच्या बाजूनं म्हणून ते मायला बोलूनही दाखवलं. म्हटलं, माय, अक्का हसली तरी. तेवढा उजेड तिला मिळाला.

माय कापूस वेचून येऊन ओट्यावर पाय धूत होती. पाणी ओतायची थांबली.

‘‘उजेड कशाचा?’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टरीणबाई हात देऊन राह्यली होती, माह्या लेकीनं धरला नाई. माह्यासाठी मोकळा ठेवला. न मी त इथं धुरात बसेल होती. मले न इचारता त्या टेकडीनं माह्या नावानं हाव म्हनून टाकलं.’’